शेवटची गाडी गेल्यावर वाट कशी दिसते?

आमच्या फोर बाय फोर क्लबात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पहिल्या पावसाळी सहलीआधी मी एकच गोष्ट पाठ करायला सांगतो. चाक फिरतंय पण गाडी पुढे सरकत नाही असं जाणवलं, की त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. बाकी सगळं हळूहळू शिकता येतं.

जागच्या जागी फिरणारं चाक एकाच वेळी दोन उद्योग करतं. ते स्वतःसाठी खड्डा खणतं आणि गाडी पोटावर टेकते. शिवाय गावातला माणूस उद्या सकाळी ज्या वाटेनं दुधाची किटली घेऊन जाणार असतो, ती वाट ते खरवडून काढतं. गाडी अडकवणारी चूक आणि वाट बिघडवणारी चूक एकच आहे. त्यामुळे अवघड चढ कोण चढलं यावरून मी ड्रायव्हर जोखत नाही. ताफ्यातली शेवटची गाडी गेली की मागे वळून वाट पाहतो. ती जर सकाळी होती तशीच असेल, तर दिवस चांगला गेला.

पुण्याच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला मुळशी, मावळ, राजगड (वेल्हे), भोर या डोंगरपट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत चिखलाला तोटा नसतो. थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जिप्सी घेतलेल्या माणसाला तिथे जावंसं वाटणं साहजिक आहे. जरूर जा. फक्त पुढच्या गोष्टी आधी वाचून जा.

जागा आधी, गाडी नंतर

डोंगरात मोकळी दिसणारी प्रत्येक जागा कुणाची तरी असते. एकाच उतारावर खाली मालकीची भातखाचरं, मध्ये गावाचं गायरान आणि वर राखीव जंगल असू शकतं, आणि मध्ये कुंपण नसतं. म्हणून सहलीच्या निदान दोन आठवडे आधी दोघा-तिघांनी एका गाडीतून जाऊन पाहणी करावी. गट नंबर विचारून सातबारा पाहावा, मालकाला भेटावं, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना कल्पना द्यावी. वाटेचा थोडासा भाग जरी वनखात्याच्या हद्दीत येत असला तरी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळाली नाही तर वाट बदलावी.

यात कायद्याचा प्रश्न आहेच. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. अभयारण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत. त्यांच्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यानं जाता येतं, पण रस्ता सोडून चाक खाली उतरवता येत नाही.

कायद्यापलीकडची एक विनंती सड्यांसाठी. डोंगरमाथ्यावरचे जांभ्याचे सपाट सडे उन्हाळ्यात उजाड खडकासारखे दिसतात, आणि पावसात तिथे गाडी फिरवायला मोकळं मैदान मिळाल्यासारखं वाटतं. त्या खडकावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. त्या बोटभर मातीत गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं अशी फुलं येतात, आणि तीही पावसाच्या काही आठवड्यांपुरती. चाकानं तिथे चर पडला की साचलेलं पाणी त्या चरातून निघून जातं आणि आजूबाजूचा ओलावा संपतो. कासच्या पठारासह पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. यादीत नसलेला तुमच्या गावाजवळचा सडाही तितकाच नाजूक असतो. आमच्या क्लबाचा नियम साधा आहे: सड्यावर चाक नाही. गाड्या खाली लावायच्या आणि पायी वर जायचं.

पाऊस किती, हे आकड्यांत पाहा

'पाऊस तर असणारच' असं म्हणून निघू नका. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार पाऊस. घाटमाथ्यासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर आम्ही सहल रद्द करतो. आदल्या रात्री नऊला ताजा अंदाज पाहून निर्णय होतो आणि त्यावर वाद घालत नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढतात, तेही त्याच वेळी तपासावेत.

त्या दिवसाइतकाच आधीच्या तीन-चार दिवसांचा पाऊसही महत्त्वाचा असतो. डोंगर पाण्यानं तुडुंब झालेला असतो आणि मग एका रात्रीत सुटतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी ही वस्ती आपण अशाच दरडीखाली गमावली. त्यामुळे उताराखाली गाड्या लावून जेवायला बसू नका. जमिनीत नवी भेग, तिरकी झालेली झाडं, एकाएकी गढूळ झालेला झरा, वरून घरंगळणारे लहान दगड, यांतलं काहीही दिसलं तर फोटो काढत न थांबता ताफा वळवा आणि खालच्या वस्तीला सांगा.

निघण्याआधीची तयारी

एकट्या गाडीनं चिखलात जाऊ नये. किमान तीन गाड्या असाव्यात, आणि दहाच्या वर नेऊ नयेत, कारण अकराव्या गाडीपर्यंत वाटेचं तळं झालेलं असतं. पुढच्या गाडीत वाट पाहून आलेला माणूस आणि शेवटच्या गाडीत सर्वांत अनुभवी हात हवा. आमच्याकडे शेवटची गाडी एक ताई चालवतात. कुणी मागे राहिलं नाही, काही सांडलं नाही, फाटक उघडं राहिलं नाही, हे पाहणं त्यांचं काम. मधल्या प्रत्येकानं आपल्या मागची गाडी आरशात दिसते आहे ना एवढं सांभाळायचं. रेंज जाणार हे धरून वॉकीटॉकी ठेवावेत.

प्रत्येक गाडीत पुढचं सामान असावं:

• ताणून परत आखडणारा रिकव्हरी पट्टा, ८ ते ९ टन तोडबळाचा
• दोन शॅकल, ज्यांवर सुरक्षित वजन कोरलेलं आहे अशी (१९ मिलिमीटरचं शॅकल सहसा ४.७५ टनांचं असतं)
• फावडं, कुदळ, जाड हातमोजे आणि एक जुनं गोणपाट
• टायरचं प्रेशर मोजायचा गेज आणि हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप
• जॅक आणि तो चिखलात रुतू नये म्हणून खाली ठेवायला जाड फळी
• प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च, प्यायचं पाणी, कोरडे कपडे

गाडीच्या पुढे-मागे चासीला बसवलेले मजबूत हुक आहेत का, हे घरीच वाकून पाहून ठेवा. चिखलात गाडी टेकल्यावर हुक शोधायला जागा उरत नाही. गाडीतलं सुटं सामान बांधून टाका. मागच्या सीटवर मोकळा पडलेला जॅक उतारावर डोक्यात बसू शकतो. बेल्ट सगळ्यांनी लावायचा, मागच्यांनीसुद्धा. मद्य सहलीच्या आधी नाही आणि सहलीतही नाही.

चिखलाच्या तोंडाशी

डांबरी रस्ता सोडला की थांबा आणि टायरची हवा कमी करा. रस्त्यावर ३० च्या आसपास असलेलं प्रेशर आम्ही १८ ते २० पीएसआयवर आणतो. त्यामुळे टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि तो कमी रुततो. १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिममधून निसटू शकतो.

मग फोर लो टाका, गाडी थांबवून आणि न्यूट्रलमध्ये. लो रेंजमध्ये चाकाला मिळणारा जोर वाढतो आणि चाकाचा वेग कमी होतो, म्हणून क्लच न जाळता मुंगीच्या पावलानं जाता येतं. परत रस्त्यावर आल्यावर टू हायवर यायला विसरू नका. थार-जिम्नीसारख्या गाड्यांत फोर हायमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडलेले असतात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात हा फरक घसरून भरून निघतो, डांबरावर मात्र सगळा ताण गिअरांवर येतो.

चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे गाडी कुठेही जाईल, हा नव्या माणसाचा सर्वांत मोठा गैरसमज. साधं डिफरन्शिअल ताकद सोप्या बाजूला जाऊ देतं. एक चाक हवेत किंवा निसरड्यात असेल तर तेच फिरतं आणि पकड असलेलं चाक गप्प उभं राहतं. गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरन्शिअल लॉक असतात, काही गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो. आपल्या गाडीत नेमकं काय आहे, हे मॅन्युअल उघडून वाचा.

आता वाट चालून पाहा. हो, पायी. बूट जिथे घोट्यापर्यंत जातो पण खाली मुरूम किंवा दगड लागतो, तिथे गाडी निघते. काठी खुपसली आणि ती दीड-दोन फूट लोण्यासारखी आत गेली, तर ती जागा टाळा. तांबड्या मातीचा चिखल निसरडा असतो पण खाली बहुतेक वेळा कडक थर मिळतो. काळ्या मातीचा चिखल टायरच्या नक्षीत भरतो आणि टायर गुळगुळीत होतो. चाकोरी किती खोल आहे, तेही मोजा. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असतं, जिम्नीचं २१०. चाकोरी त्याहून खोल असेल तर चाकं अधांतरी आणि गाडी मधल्या उंचवट्यावर बसणार.

चाकोरीत शिरल्यावर खिडकीतून डोकं काढून पुढचं चाक सरळ आहे का ते पाहत राहा. खोल चाकोरीत स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते, त्यामुळे चाकं वळलेली आहेत हे कळत नाही. पुढे पकड मिळाली की गाडी एकदम बाजूला उडी मारते. वेग मंदावायला लागला तर स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा. टायरच्या कडांना नवी माती मिळते आणि कित्येकदा तेवढ्यानं काम होतं. तरीही चाक फिरू लागलं, तर पाय उचला आणि आपल्याच खुणांवरून सरळ मागे या.

चढावर एका वेळी एकच गाडी. वरून वॉकीटॉकीवर 'आलो' ऐकू येईपर्यंत दुसरी निघणार नाही. गाडी मध्येच थांबली तर वळवायचा मोह आवरा, कारण आडवी झालेली गाडी उलटते. रिव्हर्स गिअर टाकून, इंजिनच्या ब्रेकवर, सरळ मागे उतरा. उतरताना फोर लो, पहिला गिअर आणि क्लचवर पाय नाही. आडव्या उतारावर मागचा भाग घसरू लागला तर स्टिअरिंग उताराच्या दिशेनं वळवून हलका ॲक्सिलरेटर द्या. मनाला ते उलटं वाटतं, म्हणून आधी लहान उतारावर सराव करा.

ओढा

वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर आम्ही ओलांडत नाही. थारसाठी कंपनीनं ६५० मिलिमीटर खोलीचा आकडा दिला आहे, पण पाण्याचा जोर आणि तळाचे दगड कोणत्याच आकड्यात धरलेले नसतात. आधी माणूस काठी घेऊन पलीकडे जाऊन येतो, मग गाडी. पाणी तांबूस झालं, त्यात पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर वर जोराचा पाऊस झालाय असं समजा आणि ताबडतोब मागे फिरा. परतताना हाच ओढा लागणार असेल तर तेवढ्यासाठी सहल लवकर आवरा.

ओलांडताना फोर लो, पहिला गिअर, चालण्याचा वेग, आणि मध्ये क्लच दाबायचा नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर लगेच चावी फिरवू नका. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे इंजिनच्या आतले दांडे वाकतात. अशी गाडी ओढूनच बाहेर काढायची. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करा.

अडकल्यावर

इथे माझीच एक चूक सांगतो. मुळशी तालुक्यात एका पाणंद रस्त्यावर, लावणीच्या दिवसांत, मी सांगितलेल्या नियमाविरुद्ध पाय दाबून धरला. गाडी चाकोरीतून उसळली आणि कडेच्या खाचराचा बांध फोडून अर्धी आत गेली. हातभर रुंदीच्या भगदाडातून पाणी खळाळत खाली जाऊ लागलं आणि कालच लावलेली रोपं आडवी होऊ लागली. मी पट्टा काढायला धावलो. शेतमालक काका प्लास्टिकचं इरलं डोक्यावर घेऊन शांतपणे आले आणि म्हणाले, "दादा, पट्टा ठेवा. आधी बांध धरा, मंग चाकाखालच्या पान्याला वाट द्या. पानी गेलं की माती धरंल."

आम्ही दगड आणि चिखलाची ढेकळं रचून बांध धरला. मग काकांनी कुदळीनं चाकामागून उताराकडे वीतभर चर काढला. पाच मिनिटांत चाकाभोवतीचं पाणी उतरलं. चाकापुढची माती फावड्यानं तिरकी कापली, खाली चपटे दगड आणि गोणपाट घातलं, आणि गाडी पट्ट्याशिवाय बाहेर आली. त्यानंतर दोन तास आम्ही सगळे तो बांध नीट बांधत आणि आडवी रोपं पुन्हा लावत होतो. ज्या माणसानं जन्मभर चिखलणी केली आहे, त्याला चिखल कसा तयार होतो आणि कसा सुटतो हे दोन्ही माहीत असतं. तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे: पाणी काढा, खणा, दगड भरा, आणि मग लागलंच तर ओढा.

ओढायची वेळ आलीच तर इथे घाई जिवावर बेतते. पट्टा चासीच्या हुकालाच लावा. ट्रेलरसाठीच्या गोळ्याला तो कधीही लावू नका, ताणात तो गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा येतो. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, म्हणजे नंतर अडकत नाही. पट्ट्याच्या मधोमध ओलं गोणपाट किंवा जाड जॅकेट टाका, तुटलाच तर त्याचा फटका कमी होतो. दोन चालक सोडून बाकी सगळे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर, तेही बाजूला. खुणा एकच माणूस करणार. ओढणाऱ्या गाडीनं थोडा ढिलावा ठेवून लो रेंजमध्ये सावकाश निघावं. दोन-तीन प्रयत्नांत हललं नाही तर पुन्हा फावडं हातात घ्या.

विंच वापरताना तार थेट झाडाला गुंडाळू नका. साल कापली गेली की जांभूळ असो वा ऐन, झाड वाळू लागतं. बुंध्याला अगदी खाली, रुंद पट्टा लावा. तारेचे शेवटचे पाच वेढे ड्रमवर राहू द्या, आणि ताणलेल्या तारेवरून कुणालाही ओलांडू देऊ नका.

माणसांची काळजी

पूर्ण बूट आणि लांब पँट घाला. जळू चिकटली तर ओढून काढू नका, तिच्या तोंडाशी नख सरकवलं की सुटते. दगड उचलताना हातमोजे हवेतच, कारण फुरसं अशाच दगडांखाली असतं. साप चावला तर जखम कापणं, बांधणं, चोखणं यांपैकी काहीही करू नका. माणसाला हलू न देता थेट दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटात ११२, आणि वन्यप्राणी किंवा जंगलाबाबत वनखात्याचा १९२६ हे नंबर गाडीत चिकटवून ठेवा. जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे हे पाहणीच्या दिवशीच पाहून घ्या. पायाला जखम असताना चिखलात उतरला असाल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना चिखलपाण्यात गेल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा संशय वेळेत घेतला गेला तर उपचार सोपे असतात.

वाट सोडण्याआधी

जेवण गावातच करा. पाहणीच्या वेळी एखाद्या घरी किंवा बचत गटाला पिठलं-भाकरी सांगून ठेवा आणि आगाऊ पैसे द्या.

डांबरी रस्त्यावर येण्याआधी टायरमध्ये पुन्हा हवा भरा आणि नक्षीतला चिखल काठीनं काढा. घाटाच्या वळणावर पडलेलं ओल्या मातीचं ढेकूळ मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतं. गाडी ओढ्यात धुऊ नका, त्या पाण्यावर खालची वस्ती असते. घरी आल्यावर पोटाखालून, रेडिएटरवरून आणि चाकांच्या आतून चिखल धुऊन काढा. ओढा ओलांडला असेल तर डिफरन्शिअलचं तेल तपासून घ्या. तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला.

या सगळ्यात शेवटचा अर्धा तास वाटेचा. सगळ्यांनी फावडी घेऊन मागे चालत जायचं. खोल झालेल्या चाकोऱ्यांत दगड-मुरूम भरायचा, कडेला पाण्यासाठी चर काढून द्यायचा, म्हणजे रात्रीचा पाऊस त्याच चाकोरीतून धावून वाटेची घळ करणार नाही. बांधाला धक्का लागला असेल तर तो स्वतः नीट करायचा आणि मालकाला बोलावून दाखवायचा.

सकाळी वाटेच्या तोंडाशी आम्ही एक फोटो काढतो आणि संध्याकाळी त्याच जागेवरून दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. फरक दिसला तर काम बाकी आहे, पुन्हा फावडी बाहेर. दोन्ही फोटो मालकासमोर धरता येतील असे असले, की मगच गाड्या सुरू होतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच दारात उभं राहून परवानगी मागायला तोंड उरतं, ते त्यामुळेच.